पंपघरातलं घड्याळ

जयंती नाल्यावरच्या पंपघरात
माझी रात्रपाळी, अठरा वर्षांची.
पाहुणे विचारतात, वास येत नाही का?
मी म्हणतो, कसला?

रेहाना नायकवडी चिखल मागत आली.
कागलची पोर, विद्यापीठात शिकते,
आमच्याकडच्या पोरींसारखी बोलते :
"मी उद्या पण येतो, मामा."
तळातला काळा द्या म्हणाली,
वरचा नको, त्याला वारा लागलेला असतो.
बादली भरून दिली. पैसे विचारले तिनं.
अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणी याचे पैसे विचारले.

लोणच्याच्या सात बरण्या.
प्रत्येकीत जळक्या घोंगड्यासारखी कापडाची पट्टी
चिखलात गाडलेली,
दुसरी वर, पाण्याला टेकलेली,
दोन्हींना जोडणारी तार.
सलाईनच्या नळीतून नाला थेंब थेंब आत.

"यात जीव आहेत, मामा. दिसत नाहीत.
खातात. आणि खाल्ल्यावर
कशाला तरी हात पुसावा लागतो त्यांना.
आपल्याला हवा आहे, त्यांच्याकडं तीही नाही,
म्हणून ते या कापडाला पुसतात.
ते पुसणं म्हणजे वीज."

काय खातात?
महाद्वार रोडच्या खानावळीतलं खरकटं,
कुणाच्या तरी बारशाचा पांढरा रस्सा,
दूधकट्ट्यावरच्या किटल्यांचं धुवण,
तालमीतल्या लंगोटांचा घाम,
आणि ज्याचं नाव आपण जेवताना काढत नाही ते.

साहेब बघायला आले. "पंप किती चालतील यावर?"
रेहाना म्हणाली, "एकही नाही.
एक घड्याळ चालेल."
साहेब हसले. चहा घेतला. गेले.

गूळवाल्यानं दिवाळीला वाटलेलं घड्याळ होतं भिंतीवर.
तिनं त्यातला सेल काढून माझ्या हातात दिला,
आणि दोन तारा लावल्या.
त्या रात्री पंप थांबले तेव्हा ऐकत बसलो.
टिक.
टिक.
सगळ्या गावाचं खरकटं
एकेक सेकंद पुढं सरकत होतं.

आठवड्यानं शेवटच्या बरणीतून निघालं ते पाणी
निवळ होतं, पिण्याजोगं नाही, पण निवळ.
ओंजळीत घेतलं, नाकाशी नेलं,
आणि दाराकडं वळलो तर
नाल्याचा वास आला.
अठरा वर्षांचा, एकदम.
बाहेर जाऊन पायरीवर बसावं लागलं.

मग एका मंगळवारी घड्याळ थांबलं.
दोन वाजून दहा.
मला वाटलं, तार निसटली.
सकाळी रेहानानं नळीत कागद बुडवला,
कागद लालभडक.
"आम्ल आहे. वर कुठंतरी टँकर उपडा केलाय कुणीतरी."
"मेले का?"
"बरेच," ती म्हणाली,
आणि बरणीचं झाकण उगाच पुन्हा घट्ट केलं.

नोंदवहीत शेरा नावाचा रकाना असतो.
रोज निरंक लिहायचो त्यात. सवयीनं, सहीसारखं.
त्या दिवशी लिहिलं :
पहाटे २.१० वाजता आम्ल आले. बरेच मेले.
हेड ऑफिसातून फोन : कोण मेले? किती?
सांगितलं, मोजता येत नाहीत.
पलीकडं बराच वेळ शांतता.
"साक्षीदार कोण?"
मी भिंतीकडं बघितलं.

रेहानानं नवा चिखल घातला नाही.
म्हणाली, राहिलेत त्यांना वाढू देत.
अकरा दिवस ती येऊन नुसतीच बसायची,
मीटरचा आकडा वहीत लिहायची,
डब्यातली भाकरी मला द्यायची अर्धी.

बाराव्या दिवशी पावणेसहाला,
दुधाच्या गाड्या पुलावरून जात होत्या,
मी चपला घालत होतो घरी जायला,
मागं टिक झालं.

दोन वाजून दहापासूनच सुरू झालं ते,
जिथं थांबलं होतं तिथून.
काटा फिरवायला स्टूल घेतलं,
वर चढलो, आणि तसाच उतरलो.

नवा पोरगा आलाय पाळीला.
रोज म्हणतो, मामा, घड्याळ चुकलंय तुमचं.
त्याला म्हणतो, चुकलं नाही.
रजा होती त्याची. आजारपणाची.